अमृत सावेच्या कोष्टकाखालची ओळ

तलासरीला कचेरीसमोर, सायकलच्या दुकानाला लागून एक पत्र्याची टपरी होती. तिच्यात एक मराठी टंकयंत्र, एक स्टूल, पाण्याचं मडकं, तपकिरीची डबी आणि अमृत सावे, एवढंच मावायचं. अमृत बसला की स्टूल दिसायचं नाही.

हा मूळचा बोर्डीचा. चिकूची वाडी भावाभावांत वाटायची वेळ आली तेव्हा थोरल्याने विहिरीकडची झाडं घेतली, मधल्याने रस्त्याकडची, आणि हा म्हणाला, मला मशीन घेऊन द्या. भावांनी दुसऱ्याच दिवशी घेऊन दिलं. त्याचा विचार बदलायच्या आत.

अर्ज लिहून देणं हा त्याचा धंदा. वेवजीपासून चारोटीपर्यंत कुणालाही विचारा, एकच गोष्ट सांगतील: अमृतभाईचा अर्ज परत येत नाही. समास, विषय, संदर्भ, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. अर्जाची भाषा त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरी जेवायला बसला तरी म्हणायचा, "भाकर वाढण्यात यावी." त्याची बायको वसुमती वेवजीच्या शाळेत मास्तरीण. ती म्हणायची, "विचाराधीन आहे. आधी हात धुवा."

आता आमच्याकडच्या पाड्यांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शहरातल्या माणसाला वाटतं, जागेला एक नाव असतं. आमच्याकडं एका पाड्याला तीन असतात. एक लोकांच्या तोंडातलं, झाडावरून नाहीतर माणसावरून पडलेलं. एक सरकारी कागदावरचं, जे पाड्यातल्या कुणीच ऐकलेलं नसतं. आणि एक दुकानदारांचं, गुजरातीत. बायजी नावाची एक बाई राहायची त्या पाड्याला आम्ही बिब्याचा पाडा म्हणतो. दुकानदार घासफळियू म्हणतात, कारण गवत कापणारे तिथले. आणि कागदावर तो आहे पाटीलपाडा पूर्व. त्याच्या शेजारी हाल्या नावाच्या गड्याचा ताडाचा पाडा. तो कागदावर पाटीलपाडा पश्चिम.

गंमत अशी, की बायजीचा पूर्व पाडा पश्चिमेला आहे आणि हाल्याचा पश्चिम पाडा पूर्वेला. ज्याने कागद केला तो माणूस बहुतेक उलटा बसला असावा. पाटील तर दोन्हीकडं कधीच नव्हता.

साल शहाऐंशी. पाटीलपाडा पूर्वला हातपंप मंजूर झाला. बोरची गाडी आली, गाडीवाल्यांनी सूर्य बघितला आणि सरळ हाल्याच्या पाड्यावर जाऊन भोक पाडलं. दोनशे फूट. वर आली ती नुसती दगडाची राख. बायजी तीन कोस चालून टपरीवर आली. साठीची बाई, कमरेला पान-तंबाखूची पिशवी, बोलणं सरळ.

"अमृतभाई, मंजुरी कुणाची?"

"तुमच्या पाड्याची."

"मग पाणी नाय लागला ते सोड. भोक तरी माज्या पाड्यावर पाडायचा का नाय?"

आमच्याकडं कलेक्टरलासुद्धा तूच म्हणतात, तेव्हा बोर्डीवाल्यांना राग आला तरी इलाज नाही. अमृतला राग आला तो वेगळाच. अर्ज त्याने लिहिलेला. अर्ज परत आला नव्हता, पण पंप दुसरीकडं गेला, म्हणजे परत आल्यासारखंच. त्याने तपकीर ओढली आणि ठरवलं, तालुक्यातल्या सगळ्या पाड्यांचं कोष्टक करायचं. कागदावरचं नाव, तोंडातलं नाव, दुकानातलं नाव, शेजारी शेजारी तीन रकाने. कुणीही बघावं आणि बरोबर ठिकाणी पोचावं.

वर्षभर त्याने टपरीवर येईल त्याला पकडून विचारलं. सहीला आलेला, पंक्चरला आलेला, नुसता सावलीला थांबलेला, कुणालाही सोडलं नाही. त्रेसष्ट पाडे भरले. कार्बन लावून पाच प्रती काढल्या. पाचवी वाचायला उन्हात धरावी लागायची.

बायजीच्या पंपाची मंजुरी पुढच्या सालावर ढकलली गेली होती. गाडी येईल तेव्हा सुपरवायझरच्या हातात कोष्टक द्यायचं, एवढंच काम उरलं. पण अमृतला कागद तसाच सोडवेना. खाली शर्तीची ओळ नसलेला कागद त्याला शेपूट नसलेल्या म्हशीसारखा दिसायचा. त्याने टंकलं:

"सर्व हक्क स्वाधीन. लेखी परवानगीशिवाय नक्कल करू नये."

त्या मार्चमध्ये बोरच्या ठेकेदाराचा शैलेश नावाचा सुपरवायझर गाडी घेऊन आला. नगरकडचा, तरुण, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या.

"ते पाड्यांचं कोष्टक तुमच्याकडं आहे म्हणतात. उतरवून घेऊ का? गाडी उभी आहे."

"घ्या ने. अर्ज करा."

"कुणाला?"

"मला."

"मला अर्ज लिहिता येत नाही."

"मी लिहून देतो. तोच माझा धंदा."

अमृतने झकास अर्ज टंकला. शैलेशने सही करून तो मशीनवर ठेवला. अमृतने चष्मा पुसला, अर्ज उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि मान हलवली.

"जावक क्रमांक नाही."

"अहो, तुम्हीच लिहिलाय."

"लिहिताना मी अर्जदाराचा माणूस होतो. आता मी परवानगी देणारा. आमची दोघांची ओळख नाही. क्रमांक ठेकेदाराच्या हापिसातून येईल. मी कसा टाकू?"

आणि त्यावर शिक्का मारला: त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावा. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. ती गाडी पुढच्या तालुक्यात गेली, तिकडं अर्ज लागत नव्हता.

घरी वसुमतीने भाकर वाढता वाढता विचारलं, "अहो, आजवर तुमचा एक तरी अर्ज परत आला होता?"

"एकही नाही."

"मग आज पहिला आला. तोही तुमच्याकडूनच."

अमृत त्या दिवशी एकच भाकर जेवला. वाढण्यात यावी असंही म्हणाला नाही.

दुसऱ्या साली तो दुसऱ्या टोकाला गेला. नवीन प्रती काढल्या आणि खाली टंकलं:

"कोणीही घ्यावे, कोणालाही द्यावे, हवे तसे वापरावे, हवे ते बदलावे. विचारण्याची गरज नाही."

कोष्टक पसरलं. दवाखान्याच्या नर्सने घेतलं, मास्तरांनी घेतलं, लग्नाचं आवतण देत फिरणाऱ्यांनी घेतलं, कुल्फीवाल्याने घेतलं. आणि प्रत्येकाने हवं ते बदललं. नर्सने ज्या पाड्यात तान्हं पोर नाही तो पाडाच खोडला. कुल्फीवाल्याने एक रकाना वाढवला, "कुत्रा चावतो / चावत नाही." सोयरीक जुळवणाऱ्या एका काकांनी प्रत्येक पाड्यापुढं लग्नाच्या पोरींचा आकडा लिहिला आणि दोन पाड्यांतून मार खाल्ला. सहा महिन्यांत तालुक्यात तीस कोष्टकं झाली आणि कुठल्याही दोघांचं पटेना.

त्यातलं एक हाल्याचं. हाल्या चौथी शिकलेला, डोक्याने तेज, अक्षर वळणदार. त्याने घरी बसून सुबक नक्कल केली, आणि ती करताना पूर्व-पश्चिमची अदलाबदल केली. ती प्रत फिरत फिरत चारोटीच्या एका हॉटेलात काचेखाली लागली. शैलेश तिथं मिसळ खायला थांबला. त्याला वाटलं, बरं झालं, ह्या साली टपरीवर जायलाच नको. त्याने ती उतरवून घेतली आणि गाडी पुन्हा हाल्याच्या अंगणात.

दुसरं भोक. दोनशे वीस फूट. राख.

चार दिवसांनी टपरीवर तिघं उभे. बायजी, हाल्या आणि मध्ये अमृत, बसलेला.

"हाल्या, तू कोष्टक बिघडवलंस," अमृत म्हणाला.

"बिघडवला नाय, नीट केला. सूर्य आमच्याकडनं उगवतो का नाय?"

"उगवतो."

"मंग पूर्व आमी. कागदावर चूक होती. आन खाली तूच लिवलंस, हवं ते बदला. वाच."

अमृतने वाचलं. तेच लिहिलं होतं, आणि टंकलेखनाची एक चूक नव्हती.

"अरे पण पंप मंजूर बायजीला."

"मना कटं मिळाला? मना दोन भोकं मिळाली. पोरं त्यात खडं टाकतात, खाली पोचल्याचा आवाजपण येत नाय."

बायजी इतका वेळ तंबाखू मळत होती. ती म्हणाली, "दोन झाली ना तुज्याकडं. एक मना दे."

तिसऱ्या साली अमृतने दोन्ही टोकं सोडून मधलं काहीतरी करायचं म्हणून तीन शर्ती घातल्या. खाली अमृत सावे हे नाव असलंच पाहिजे. काही बदलू नये. आणि धंद्यासाठी वापरू नये, कारण आपण फुकट दिलेल्यावर दुसऱ्याने कमवावं हे त्याला पटेना.

नावाचं काय झालं ते आधी सांगतो. जुन्या तीस बिघडलेल्या प्रतींवरही लोकांनी इमानदारीने त्याचं नाव लिहून टाकलं. मग एक वऱ्हाड चुकून दुसऱ्याच मांडवात गेलं, जेवलं, नाचलं, आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर येऊन म्हणालं, "अमृतभाई, कोष्टकावर तुजा नाव हाय. डाळीत मीठ नव्हता."

धंद्याची शर्त जमनाने खाल्ली. जमना डहाणूच्या किनाऱ्याची, डोक्यावर टोपली घेऊन पाड्यापाड्यांवर सुके बोंबील विकायची. ती टोपली टपरीच्या दारातच उतरवून बसली, त्यामुळं कचेरीतली माणसं खिडक्या लावायला लागली.

"अमृतभाई, मी धंदा करते ने?"

"करतेस."

"मग तुजा कागद मी बघायचा का नाय?"

"तुझा धंदा लहान, जमनाबेन."

"लहान म्हणजे केवडा? टोपली अर्धी झाली का लहान?"

अमृतने विचार केला. मग म्हणाला, "असं कर. बोंबील घेऊन पाड्यावर जाशील तेव्हा कागद बघू नकोस. विकून परत येताना बघ."

"परत येताना मना माजं घर ठाऊक असतं."

त्याने दोन पेंड्या बोंबील घेतले आणि विषय संपवला.

शैलेश आला, पण टपरीच्या आत पाऊल टाकेना. "आम्ही ठेकेदाराची माणसं. आमचा धंदाच आहे हा. मागच्या साली हॉटेलातल्या कागदावर गेलो म्हणून मला जाब विचारला. आता शर्त मोडून वर तुमच्या नावाचा कागद वापरला तर नोकरीच जाईल." कोष्टकाकडं बघायला लागू नये म्हणून तो बोलताना सायकलच्या दुकानाकडं तोंड करून उभा होता. मग स्वतःच्या अंदाजाने गाडी घेऊन गेला. त्या साली भोक कुठं पडलं ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

साल नव्वद उजाडलं. मंजुरीचं हे शेवटचं वर्ष, पंप नाही बसला तर कागद रद्द. बायजी फेब्रुवारीतच आली, टपरीच्या दारात पाय पसरून बसली आणि म्हणाली, "मी आता उठत नाय. पाड्यावर ओहोळ आटला. हितं तुजा मडका हाय."

खरंच बसली. सकाळी यायची, दिवस मावळायच्या आत जायची, आणि दिवसभर अमृतच्या मडक्यातलं पाणी प्यायची. दुपारपर्यंत मडकं रिकामं. मग अमृतला उठून, मडकं खांद्यावर घेऊन, उन्हातून नळावर जावं लागे. मडकं घेऊन चालणारा अर्ज-लेखक बघायला लोक कचेरीतून बाहेर येत. तिसऱ्या दिवशी तो मडकं खाली ठेवून धापा टाकत म्हणाला, "बायजी, रोज एवढं लांबून आणता?"

"हे लांब नाय. हे तर सपाट हाय."

तो स्टुलावर बसला. मशीनमध्ये कागद लावला आणि नुसता बघत राहिला. "सगळं धरून ठेवलं तर कुणाला मिळत नाही. सगळं सोडलं तर हाल्या बदलतो. मधलं केलं तर सुपरवायझर पळतो. आता काय लिहू?"

बायजीने तंबाखू दातामागं ठेवली. "पाड्यात कोयता कसा नेतात तुला ठावं हाय?"

"कसा?"

"कोणपण नेतो. इचारत नाय. नेऊन गवत कापो, नायतर लाकडं तोडून इको, कोणी बोलत नाय. पण दांडा बदलला तर ज्याला देल त्याला सांगाचा, दांडा मी बदलला, का बदलला. नाय सांगितला तर पुढच्याचा हात कापंल. आन माजा म्हणून घरात दडवाचा नाय, जसा आणला तसा पुढं द्याचा."

अमृतने मशीनमधला कागद सरळ केला. मग टंकू लागला. पहिल्यांदा झालं ते पाऊण पान, त्यात सदरहू चौदा वेळा. ते वसुमतीने संध्याकाळी लाल पेनने कापलं, पोरांचे निबंध कापायची तसंच, आणि उरलं ते असं:

"कोणीही घ्या, कोणालाही द्या, धंदाही करा. बदल केलात तर जुनं खोडू नका. शेजारी नवं लिहा, आपलं नाव लिहा, कारण लिहा. एक प्रत टपरीवर टाका. पुढं द्याल त्याला हीच ओळ द्या."

"जावक क्रमांक?" अमृतने विचारलं.

"झोपा," वसुमती म्हणाली.

पहिली नवी प्रत हाल्यानेच नेली. आठ दिवसांनी बदललेली परत आणून टाकली, शर्तीप्रमाणे. अमृतने ती वाचली आणि त्याला धडकी भरली. पण काढून टाकता येईना, कारण शर्त त्याची स्वतःची होती. तीच प्रत त्याने शैलेशच्या हातात ठेवली. शैलेशने ओळ दोनदा वाचली, धंदा शब्दावर बोट ठेवून खात्री केली, मग आत आला, मडक्याशेजारी टेकला आणि पाटीलपाड्याची नोंद काढली. जुनं तसंच होतं: पाटीलपाडा पूर्व म्हणजे बिब्याचा पाडा. शेजारी वळणदार अक्षरात:

"पूर्व म्हणजे ताडाचा पाडा पाहिजे. बदलणार हाल्या. कारण सूर्य."

शैलेश हसला. मग खाली बारीक अक्षरात आणखी होतं:

"दोन भोकं वर टेकाडावर पाडली, कोरडी. खाली ओहोळाच्या वाकणात मे महिन्यात पण गवत हिरवं राहतं. भोक पाडताना आमाला कोणी इचारलं नाय. हाल्या."

शैलेशने ती ओळ परत वाचली. "हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही."

"तू इचारला का?" बायजी दारातून म्हणाली.

गाडी त्याच दुपारी बिब्याच्या पाड्यावर गेली. टेकाड सोडून ओहोळाच्या बाजूला लावली, हाल्याचा नियम तिथंही धरला. एकशे चाळीस फुटांवर पाणी. सगळा पाडा भिजला, शैलेशच्या भुवया पहिल्यांदा काळ्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी बायजी हंडा घेऊन टपरीवर आली. तो अमृतच्या मडक्यात ओतला आणि म्हणाली, "तुजा पाणी फिटला. आता चा सांग."

शैलेशने आपल्या अहवालाला ती हाल्याची प्रत टाचणीनं जोडली होती. ती कुणाच्या टेबलावरून कुणाच्या टेबलावर गेली देव जाणे, पण पुढच्या साली पाटीलपाडा पश्चिमला, ओहोळाच्या वाकणात, हातपंप मंजूर होऊन आला. हाल्याने अर्ज केलाच नव्हता. हे अमृतला फार लागलं. आल्या-गेल्याला तो कोष्टकाची प्रत दाखवून म्हणायचा, "बघा. विषय नाही, संदर्भ नाही, समास सोडलेला नाही, 'कारण सूर्य' म्हणतो, आणि मंजूर." हाल्याने लोकांचे अर्ज लिहायला बसावं असं दोघातिघांनी सुचवलंही. हाल्या म्हणाला, मना स्टुलावर बसून कंबर दुखते.

पुढं तलासरीला झेरॉक्सचं मशीन आलं, टपरीपुढची गर्दी ओसरली, पण कोष्टक चालूच राहिलं. नर्सची पानं, कुल्फीवाल्याचा कुत्र्याचा रकाना, सगळं शेजारी शेजारी, नाव आणि कारणासकट. कुत्रा मेला की कुल्फीवाला येऊन लिहून जायचा.

त्र्याण्णव सालच्या एका सकाळी वसुमती कोष्टक बघत होती. शाळेची पटनोंदणी होती.

"अहो, ह्यात बिब्याचा पाडा लिहिलाय. आता तसं कुणी म्हणत नाही. पोरं पंपाचा पाडा म्हणतात."

"मग ताडाचा पाडा?"

"त्यालाही पंपाचा पाडाच म्हणतात."

अमृतने चष्मा काढला, पुसला, परत लावला. शर्तीप्रमाणे जुनं खोडलं नाही. शेजारी टंकलं: पंपाचा पाडा पूर्व, पंपाचा पाडा पश्चिम. बदलणार अमृत सावे. कारण, दोन्हीकडे पाणी लागले.

वसुमती खांद्यावरून वाचत होती. "ह्यातला पूर्व कुठला? कागदावरचा का सूर्याचा?"

अमृतने तपकिरीची डबी उघडली. "हाल्याला बोलवा," तो म्हणाला.